केजीएफ : बंद खाणींचं गाव आणि भोवतालचा मुलूख (माहितीचा धागा)

फलाट_नं_३

बंगळूरला राहणारे किंवा कामानिमित्त जाणारे बरेच मराठी लोक "केजीएफ (कोलार गोल्ड फील्ड्स, कर्नाटकातलं सोन्याच्या बंद खाणींचं गाव) बघण्यासारखं आहे का?" असं विचारतात. तुकड्या-तुकड्यांनी उत्तरं देण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तिथे कान धरावा.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. सिनेमात दिसतं तसं भलं मोठं खुलं विवर इथे नाही. कोलारची खाण पूर्ण जमिनीखालची होती. चॅम्पियन रीफची खाण ३ किलोमीटरहून जास्त खोल गेली होती, जगातल्या अतिखोल खाणींत तिची गणना व्हायची. २८ फेब्रुवारी २००१ला काम थांबलं, पंप बंद झाले आणि खालचे बोगदे पाण्याने भरत गेले. त्यामुळे खाली उतरवणारा कोणी भेटला, तर तो थापा मारतोय असं समजून पुढे चला. बघायचं ते सगळं वर आहे: शाफ्टवरचे (खाणीत उतरणाऱ्या उभ्या विहिरींवरचे) लोखंडी मनोरे, सायनाइडचे डोंगर, साहेबांचे बंगले, कामगारांच्या चाळवजा लाइनी आणि या सगळ्याला जोडणारी रेल्वेची फाटा लाइन.

जायचं कसं : मुंबई, पुणे, सोलापूरकडून उद्यान एक्सप्रेसने बंगळूर. तिथून चेन्नईच्या मार्गावर साधारण ७० किमीवर बंगारपेट जंक्शन लागतं आणि तिथून फाटा फुटतो तो मारिकुप्पमपर्यंत. बीईएमएल नगर, कोरोमंडल, ऊरगाम, चॅम्पियन, मारिकुप्पम ही त्या फाट्यावरची स्टेशनं. नावंच बघा, निम्मी खाणींची आहेत. बंगळूरहून थेट मारिकुप्पमच्या लोकल गाड्या आहेत.

इथे बहुतेकांची गफलत होते. ही लाइन आता खाणीची राहिलेली नाही, बंगळूरला नोकरीला जाणाऱ्यांची झाली आहे. खाण बंद पडल्यावर हजारो माणसं रोज पहाटे बंगळूर गाठतात आणि रात्री परततात. गाड्यांच्या वेळा त्यांच्या सोयीच्या, म्हणजे सकाळी तिकडून इकडे आणि संध्याकाळी इकडून तिकडे. आपला प्रवास बरोबर उलटा. सकाळच्या उलट्या दिशेच्या गाड्या मोजक्याच, आणि काही गाड्या रविवारी धावतच नाहीत. म्हणून थेट गाडीच्या नादी न लागता चेन्नईकडे जाणारी कुठलीही सोयीची गाडी धरून बंगारपेटला उतरावं (लालबाग, वृंदावन थांबतात). पुढचा फाट्याचा तुकडा लोकल मिळाली तर लोकलने, नाहीतर बसने. बसेस भरपूर आहेत, रॉबर्टसनपेटच्या (केजीएफच्या बाजारपेठेच्या) स्टँडला सोडतात.

---

नाचणीची_भाकरी

उत्तम धागा. दोन प्रश्न. एका दिवसात होतं का? आणि स्वतःची गाडी असेल तर रस्ता कोणता?

---

फलाट_नं_३

फक्त गाव एका दिवसात होतं. भोवतालचा मुलूख धरलात तर दोन दिवस हवेत, आणि माझ्या मते दुसरा दिवस पहिल्यापेक्षा सरस आहे.

गाडीने दोन रस्ते. जुना, होसकोटे–कोलार हमरस्ता, कोलारहून दक्षिणेला वळायचं. नवा, बंगळूर–चेन्नई द्रुतगती मार्ग. त्याचा होसकोटे ते बेतमंगल हा कर्नाटकातला तुकडा वापरात आला आहे, बेतमंगलहून केजीएफ जवळच. मात्र दुचाकीवाल्यांनी त्या रस्त्याला जाऊ नये, त्यांना जुना रस्ताच बरा. आणि द्रुतगती मार्गावर चहा-पेट्रोलची सोय गृहीत धरू नका, होसकोट्यातच टाकी भरून घ्या.

---

भूगर्भी

गावात फिरायच्या आधी जमिनीची रचना समजून घेतली तर निम्मं कोडं सुटतं.

कोलारचा शिस्ट पट्टा (जुन्या रूपांतरित खडकांचा पट्टा) उत्तर-दक्षिण असा सुमारे ८० किमी लांब, पण रुंदीला मोजका ३-४ किमी. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइट आणि नाइस हे खडक, मधोमध अँफिबोलाइट हा काळपट खडक. त्यात गारेच्या म्हणजे क्वार्ट्झच्या शिरा, आणि सोनं त्या शिरांत. म्हणून खाणीही एकाच ओळीत आहेत. केजीएफ गोल वाढलेलं गाव नाही, एका शिरेच्या डोक्यावर लांबट पसरलेलं आहे. रेल्वेही तीच ओळ धरून जाते. स्टेशनामागून स्टेशन येतं तशी खाणीमागून खाण येत होती.

सुरुवातीला एका टन दगडातून ४०-४५ ग्रॅम सोनं निघायचं, शेवटी ते ३ ग्रॅमच्या आसपास आलं. शीर खोल जात राहिली आणि खर्च तिच्या मागून. तळाशी दगडाचं तापमान ६५ अंश सेल्सियसच्या घरात. तिथे माणूस कामाला उभा करायचा तर थंड केलेली हवा वरून खाली ढकलावी लागे.

दुसरी अडचण 'रॉक बर्स्ट'ची. जुने लोक त्याला एअर ब्लास्ट म्हणत. गार आणि अँफिबोलाइट दोन्ही कठीण पण ठिसूळ. शीर काढून घेतली की मागे पोकळी राहते आणि वरचं सगळं वजन कडेच्या दगडावर येतं. तो वाकत नाही, एकदम फुटतो. वर गावात भूकंपासारखा धक्का बसायचा. उपाय म्हणून पोकळ्यांत घडीव ग्रॅनाइटच्या भिंती रचत, पुढे काँक्रीट आलं. खडक यांत्रिकीची राष्ट्रीय संस्था १९८८मध्ये याच गावात निघाली ती उगाच नव्हे.

हौशी लोकांसाठी : केजीएफजवळ पेद्दपल्लीचे ज्वालामुखीय खडक राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहेत. बारीक राखेच्या काळपट लगद्यात ग्रॅनाइटचे गोलसर, फिकट गोटे रुतलेले दिसतात, चिक्कीत शेंगदाणे दिसावेत तसे. हातोडी घरी ठेवा, तुकडा काढायला मनाई आहे.

---

तिखटमीठ

चिक्कीची उपमा आवडली. पण ते सायनाइडचे डोंगर म्हणजे नक्की काय? लोक तिथे फोटोशूट करतात. धोका आहे की नाही?

---

खल_बत्ता

इथे थोडं तपशिलात लिहितो, कारण दोन्ही टोकांची बडबड ऐकू येते. "हात लावला की मेलात" हे एक टोक, "काही होत नाही, पोरं क्रिकेट खेळतात" हे दुसरं.

प्रक्रिया अशी. दगड वर यायचा, स्टँप मिलच्या मुसळांखाली पिठासारखा बारीक व्हायचा. ते पीठ पाण्याबरोबर पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून सोडायचं, मोकळं सोनं पाऱ्याला धरायचं. तरीही पिठात सोनं उरायचंच. ते सोडियम सायनाइडच्या सौम्य द्रावणात विरघळवून घ्यायचं आणि जस्ताच्या कीसावर परत बसवायचं. उरलेला चोथा बाहेर टाकायचा. शंभरेक वर्षांचा तो चोथा म्हणजे हे डोंगर. एकूण १३ ढीग, मिळून तीन कोटी टनांहून जास्त माल.

सायनाइड स्वतः ऊन-हवेत विघटित होतं, त्यामुळे जुन्या ढिगावर पाय ठेवल्याने विषबाधा होत नाही. खरा त्रास तीन गोष्टींचा :

१. धूळ. हे पीठ म्हणजे बहुतांश बारीक सिलिका. वाऱ्याच्या दिवसांत, विशेषतः उन्हाळ्यात दुपारनंतर, करडा पडदा उठतो आणि खाली वस्तीवर बसतो. दम्याचा त्रास असणाऱ्याने आणि लहान मुलांना घेऊन आलेल्यांनी लांबूनच बघावं. रुमाल पुरत नाही, नीट बसणारा एन-९५ मास्क हवा.

२. कड. वरून पृष्ठभाग सिमेंटच्या कोब्यासारखा कडक वाटतो, तो पापुद्रा असतो. पावसाने आतून घळी पडलेल्या असतात आणि कडेचा भाग अधांतरी राहतो. फोटोसाठी अगदी टोकाला उभं राहिलं की पापुद्र्यासकट खाली. पावसाळ्यात आणि त्यानंतरचे दोन महिने कडेपासून लांब राहा.

३. पाणी. ढिगाच्या पायथ्याशी साचलेली डबकी, कडेला पिवळट-तांबूस साय आलेली. मालातल्या गंधकयुक्त खनिजांमुळे ते पाणी आम्लधर्मी होतं. त्यात हात धुऊ नये, कुत्र्याला पाजू नये. ढिगांवर झाडोरा नीट धरत नाही, त्यालाही ही आम्लता बऱ्याच अंशी कारण आहे.

आणि हे ढीग बेवारस नाहीत. जमीन भारत गोल्ड माइन्सची, म्हणजे केंद्र सरकारची. या १३ ढिगांवर, सुमारे १००० एकरांत, पुन्हा सोनं काढण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला कर्नाटक मंत्रिमंडळाने २०२४मध्ये मान्यता दिली. रखवालदाराने हटकलं तर हुज्जत न घालता मागे फिरायचं. रस्त्यावरूनही ढीग छान दिसतात, संध्याकाळी तिरप्या उन्हात घळींच्या सावल्या पडतात तेव्हा तर जास्तच.

---

नाचणीची_भाकरी

@खल_बत्ता धन्यवाद, एवढं नीट कुठे वाचलं नव्हतं. गावात पायी फिरायचा क्रम सांगा ना कोणी.

---

चाकोरी

क्रम असा ठेवा. ऊन तापायच्या आत चॅम्पियन रीफ, मग ऊरगाम, दुपारी रॉबर्टसनपेट बाजार.

चॅम्पियन रीफला गिफर्ड शाफ्टचा मनोरा रस्त्यावरून दिसतो. मनोऱ्याच्या डोक्यावर दोन मोठी चाकं दिसतील. त्यांवरून पोलादी दोर जायचा, दोराच्या एका टोकाला केज म्हणजे माणसांचा पाळणा किंवा दगडाची बादली, दुसरं टोक बाजूच्या इमारतीतल्या वाइंडिंग इंजिनाच्या ढोलाला. मनोऱ्याचे तिरके पाय कायम इंजिनघराच्या दिशेने असतात, दोराची ओढ त्यांनी पेलायची म्हणून. ही एक खूण लक्षात ठेवली की पडीक आवारातही कुठलं घर कशाचं हे बाहेरून ओळखता येतं. कुंपणाच्या आत जाऊ नका. उघडे, नुसत्या पत्र्याने झाकलेले जुने शाफ्ट झुडपात लपलेले आहेत. पायवाट सोडून शेळीमागे जायचं नाही, शेळीचं वजन आपल्याइतकं नसतं.

ऊरगामच्या बाजूला इंग्रजी थाटाचे बंगले, क्लब, चर्च. कौलारू छपरं, धुराडी, पुढे मोठी बाग. आणि त्यापासून हाकेच्या अंतरावर कामगारांच्या लाइनी : एकाला एक चिकटलेल्या बुटक्या खोल्या. या लाइनींत राहणारे बहुतेक तमिळ दलित, उत्तर अर्काट, सेलम, धर्मपुरीकडून आणलेल्यांचे वंशज. काही चित्तूरकडचे तेलुगू. आजही तिथे लोक राहतात. दारात उभं राहून कॅमेरा रोखणं म्हणजे कोणाच्या स्वयंपाकघरात डोकावणं आहे, आधी विचारा. गावात तमिळ सर्वात जास्त चालते, कन्नड आणि तेलुगूही. हिंदीवर बाजारात निभावतं.

बीईएमएलच्या कारखान्याच्या आसपास फोटो काढू नयेत. तो संरक्षण खात्याचा उपक्रम आहे, तिथला सुरक्षारक्षक फोन हातातून घेतो.

---

फलाट_नं_३

चाकोरी यांच्या यादीत विजेची भर घालतो. १९०२मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्र धबधब्यावर वीजकेंद्र सुरू झालं ते या खाणींसाठी. १४७ किमी तारा ओढून वीज इथे आणली. त्या काळी एवढ्या लांबवर वीज वाहून नेणं ही जगाच्या पातळीवर मोठी गोष्ट होती. बंगळूर शहरात दिवे लागले ते १९०५ला, म्हणजे शहराच्या आधी खाणीला. पाण्याचंही तसंच. खाणींना पाणी लागायचं म्हणून पालार नदीवरच्या बेतमंगलच्या जुन्या तलावापाशी जलशुद्धीकरण केंद्र उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी त्याच बाजूने बाहेर पडायचं आहे, तेव्हा बांधावर दहा मिनिटं थांबा.

---

दगडधोंडे

अवांतर, पण मराठी वाचकांसाठी महत्त्वाचं. याच खाणीत २ किमीहून जास्त खोलवर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने विश्वकिरणांचे प्रयोग केले. वरचा दगड बाकीच्या कणांना गाळून टाकतो, न्यूट्रिनो तेवढे आरपार येतात. वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनोंची नोंद १९६५मध्ये जगात पहिल्यांदा ज्या दोन ठिकाणी झाली, त्यातलं एक केजीएफ आणि दुसरं दक्षिण आफ्रिकेतली सोन्याची खाण. सोनं संपत आलं तरी खोली कामाला आली, असं म्हणा. तिथे वर पाहण्यासारखं काही नाही, एवढं लक्षात असू द्या.

दुसरं, कोलार हा शहाजीराजांच्या बंगळूर जहागिरीचा भाग. १६३८मध्ये विजापूरकरांनी बंगळूर घेतलं, त्यानंतर हा मुलूख राजांकडे आला. म्हणून कोलार गावात "मराठ्यांचं काय दिसतं?" असा प्रश्न हमखास येतो. उत्तर : ठळक असं काही नाही. किल्ला शोधत हिंडू नका, त्यापेक्षा देवळं बघा.

---

तिखटमीठ

मग दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम लिहाच आता. आणि खाण्याचं कोणीच बोलत नाही!

---

दगडधोंडे

भाड्याची गाडी करा, बसने हे एका दिवसात होत नाही. केजीएफ – बेतमंगल – आवनी – मुळबागल – कुरुडुमले – परत मुळबागल – कोलार – बंगळूर. क्रम उलटा करू नका. कारण देवळं साडेबाराच्या सुमारास बंद होतात ती चारनंतर उघडतात. आवनी आणि कुरुडुमले दुपारच्या आत झालं पाहिजे, म्हणजे सातला निघायचं.

आवनी : नोलंब राजांच्या काळातला, साधारण दहाव्या शतकातला देवळांचा पुंजका. राम, लक्ष्मण, भरत, शत्रुघ्न या प्रत्येकाच्या नावाचं लिंग, प्रत्येकाला वेगळं देऊळ. पुरातत्त्व खात्याने आवार स्वच्छ ठेवलं आहे. मागच्या टेकडीवर सीतेचं देऊळ आहे. सपाट खडकावरून चढायचं, दहा वाजल्यानंतर तो खडक तव्यासारखा तापतो. वेळ कमी असेल तर टेकडी गाळा, खालची लक्ष्मणलिंगेश्वराच्या भिंतीवरची शिल्पं गाळू नका.

कुरुडुमले : एका दगडातला १३ फुटांहून उंच गणपती, गाभाऱ्यात छताला डोकं टेकेल असा. जवळच सोमेश्वराचं देऊळ आहे, तिकडे गर्दी नसते आणि कोरीव काम मात्र तिथलं जास्त बारकाईचं. संकष्टी-चतुर्थीला जाऊ नका, रांगेतच दुपार होईल.

कोलार : कोलारम्मा आणि सोमेश्वर, दोन्ही गावातच. कोलारम्माच्या देवळात चोळांचे शिलालेख आहेत. देवीकडे थेट नजर न देता आरशात दर्शन घ्यायची पद्धत आहे. शेजारी विंचवांची देवी चेळम्मा, तिच्यापुढे जमिनीत खोल हुंडी (दानपेटी) आहे, तिला नमस्कार केला की विंचू चावत नाही अशी समजूत. सोमेश्वर विजयनगर काळातलं. त्याच्या कल्याणमंडपाचे खांब सावकाश बघा.

कोटिलिंगेश्वर (कम्मसंद्र) केजीएफपासून जवळ, १०८ फुटी लिंग आणि भोवती मांडलेली असंख्य लहान लिंगं. सगळ्या पर्यटन याद्यांत पहिलं नाव तेच असतं. घरच्यांना हौस असेल तर पहिल्या दिवशी संध्याकाळी उरका. मला विचाराल तर आवनीसाठी ते सोडावं.

---

चाकोरी

अंतरगंगे राहिलं. कोलारजवळच्या शतशृंग डोंगरावर, दगडी बसवाच्या (नंदीच्या) तोंडातून झरा येतो. पायऱ्या आहेत, माकडंही आहेत. पिशवीत खाऊ दिसता कामा नये. वरच्या गुहांत शिरायचं असेल तर वाटाड्या घ्या, मोठाल्या धोंड्यांमधल्या सापटी आहेत त्या, आणि रात्री जाऊ नये.

वाटेत एक गोष्ट बुचकळ्यात टाकेल. कोलार कायम दुष्काळी म्हणून ऐकलेलं, बोअर हजार फुटांखाली, आणि तलाव मात्र तुडुंब! २०१८पासून के. सी. व्हॅली योजनेतून बंगळूरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी या तलावांत सोडतात, भूजल वाढावं म्हणून. दिसायला सुंदर, पक्षीही असतात, पण पोहणं, पाय बुडवणं टाळा.

---

भूगर्भी

पक्ष्यांवरून आठवलं, केजीएफभोवतीच्या माळावर काळवीट दिसतात. सकाळी लवकर, गाडी थांबवून, आतूनच बघायचे. माळ उरला आहे तो खाणीची जमीन अडकून पडल्यामुळे, नाहीतर एव्हाना निलगिरी लागली असती.

---

खल_बत्ता

आता खाणं. मुळबागलचा डोसा : जाड, आकाराने लहान, तुपात खरपूस, आतून जाळीदार. कडक कागदी डोशाची सवय असलेल्यांनी नाक मुरडू नये. सकाळीच मिळतो, अकरानंतर पीठ संपतं.

आणि बंगारपेटची पाणीपुरी. पाणी हिरवं नाही, चिंचेचं तपकिरीही नाही, अगदी नितळ, ग्लासात ओतलं तर साधं पाणीच वाटेल. पुरी तोंडात फुटली की मग तिखट कळतं, तेही घशाच्या मागच्या बाजूला. पहिल्या घासाला "अहो, पाण्यात मसालाच नाही" म्हणून तक्रार करणारे दुसऱ्या घासाला पाणी मागतात. संध्याकाळी पाचनंतर हातगाड्या लागतात.

---

नाचणीची_भाकरी

मस्त. म्हणजे संध्याकाळची परतीची गाडी बंगारपेटहून धरायची आणि त्याआधी तासभर हातात ठेवायचा. कधी जावं, कुठे राहावं, एवढं सांगा की झालं.

---

फलाट_नं_३

डिसेंबर ते फेब्रुवारी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इकडे चांगला पाऊस असतो, ढिगांच्या घळी त्याच दिवसांत ढासळतात. मे महिन्यात ऊन आणि धूळ, पण श्रीनिवासपूरचे आंबे, तेव्हा ज्याची त्याची आवड.

मुक्काम रॉबर्टसनपेटच्या साध्या लॉजमध्ये किंवा कोलारला. कुटुंब बरोबर असेल तर कोलार. पण मग दुसऱ्या दिवसाचा क्रम बदलतो : कोलार–मुळबागल–कुरुडुमले–आवनी असा जा, येताना संध्याकाळी कोलारम्मा. आणि बंगारपेटहून परतीची गाडी सहाच्या आसपासची धरणार असाल तर स्टेशनातल्या पुलाच्या पायऱ्यांसाठी जादा वेळ धरा. त्याच सुमारास बंगळूरहून नोकरदारांच्या गाड्या यायला लागतात आणि सगळा लोंढा समोरून येतो.